न पडणाऱ्यांचा उस्ताद

उस्तादांचा सत्कार ठरला आहे. शाल, श्रीफळ, फेटा आणि सोबत एक स्मरणिका. त्या स्मरणिकेसाठी मी दोन चांगल्या आठवणी लिहून द्याव्यात, असा नांदेडहून फोन आला. फोन करणारा आमच्याच मैदानावरचा, माझ्या नंतरच्या तुकडीतला. म्हणाला, "सर, जरा भावनिक होऊ द्या. मैदानावर तुम्हाला सगळेच वळखतेत."

का ओळखतात हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. नांदेडच्या त्या मैदानावर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ऐकवली जाते. एक उमरीचा होता, लई भारी खेळायचा, दक्षिण अमेरिकेत गेला आणि वाया गेला. तो उमरीचा म्हणजे मी. दुसऱ्याच्या गोष्टीत वाया गेलेला माणूस होऊन जगणं कसं असतं, हे त्या फोनवाल्याला कुठून कळणार?

भावनिक व्हायला माझी ना नाही. पण जी भावना आहे ती शाल-श्रीफळाशेजारी छापण्यासारखी नाही. मला उस्तादांचा राग आहे, आणि तो उतारवयाच्या माणसाबद्दल चारचौघांत दाखवावा तसा गोड, लटका राग नाही. म्हणून स्मरणिकेला मी नाही म्हणालो आणि हे वेगळं लिहितो आहे.

उस्ताद नांदेडच्या इतवारा भागात पत्र्याच्या पेट्या आणि कूलर बनवायचे. अजूनही बनवतात. धंदा आजोबांपासूनचा. जन्मभर पत्र्यावर हातोडा चालवून कान अधू झालेले, त्यामुळे बोलणं म्हणजे कायम ओरडणं. त्यांनी चहा सांगितला की शेजारच्या गल्लीतली माणसं काय भांडण झालं म्हणून बाहेर येत. उन्हाळ्यात अंगात बनियन, हिवाळ्यातही बनियन, फक्त हिवाळ्यात गळ्याभोवती मफलर यायचा. तरुणपणी कुस्ती केली. मग काही वर्षं हैदराबादला मामाकडे राहिले, तिथे फुटबॉल पाहिला आणि डोक्यात तेच घेऊन परत आले. स्वतः कधी एक सामना खेळले नाहीत, आणि हे ते लपवतही नसत. "म्या न्हाई खेळलो. तुमी खेळा, मी बघतो," एवढं सांगून विषय मिटवायचे.

शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. सायकलच्या हँडलला पत्र्याचा एक तुकडा लटकवून आणायचे आणि तो हातोडीने वाजवायचे. एक ठोका पडला की जो जिथे असेल तिथे उभा. ठोके थांबेचनात म्हणजे कुणाची तरी धडगत नाही. एकदा बाहेरगावच्या संघाने तक्रार केली की या आवाजाने आमची पोरं बिचकतात. उस्ताद म्हणाले, "बिचकू द्या. बिचकून बी उभी ऱ्हायली तर माझ्याकडं पाठवा."

कुणालाही ते नावाने हाक मारत नसत. गावाच्या नावाने मारत. ए भोकर, ए मुदखेड, ए धर्माबाद. नांदेड शहरातला असेल तर त्याची गल्ली. नाव आई-बापाने ठेवलेलं, त्यात तुझं काय, असं त्यांचं म्हणणं. मी उमरीहून रोज रेल्वेने येणारा, म्हणून मी उमरी. घरी आम्ही शेतकरी माणसं. बाप सोयाबीन-कापसाच्या पलीकडे बघत नव्हता, आणि उस्तादांनी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं, "पाटील, हे पोरगं तुमच्या कामाचं न्हाई, माझ्या कामाचं हाय." बाप हसला आणि हो म्हणाला. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. आता तेच वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. मी कुणाच्या तरी कामाचा होतो, पण कुठल्या कामाचा, हे कोणी विचारलं नाही.

आता त्यांचा तो नियम. आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि ढेकळं खापरासारखी. त्यावर पडणारा रक्तबंबाळ होऊनच उठायचा. आयांच्या तक्रारी यायला लागल्या तेव्हा उस्तादांनी म्हणे नियम केला की पडायचं नाही. सुरुवात अशी साधीच असेल. पण ते मूळचे पैलवान. पाठ लागली की कुस्ती गेली, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. हळूहळू त्यांनी फुटबॉललाही तोच कायदा लावला. पाठ लागो, कुल्ला लागो, नुसता हात टेको, तो गडी बाद. त्याने बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचं आणि त्या दिवशी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. फाउल होऊन पडला असला तरीही. "पाडनारा हरामखोर हाय, मान्य. पन पडला कोन?"

त्यासाठी ते आमच्याकडून काय काय करून घ्यायचे. कमरेला पंचा बांधायचे, आम्हाला जोरात पळायला लावायचे आणि मागून पंचाला हिसका द्यायचे. पळताना बाजूने खांदा मारायचे. पाय अडकवायचे. वर्षभरात आमचं अंग असं तयार व्हायचं की कुणी लाथ मारली तर पाय आपोआप जमिनीत रुतायचा. मराठवाड्यात कुठेही सामना असला की लोक आम्हाला ओळखायचे, हे उस्तादचे, हे पडत नाहीत. खरं सांगतो, त्या वयात याच्याइतकी मोठी गोष्ट मला दुसरी कुठली वाटत नव्हती.

लातूरला एकदा अंतिम सामना होता. बरोबरी, खेळ संपत आलेला. गोलपुढच्या चौकटीत त्यांच्या बचाववाल्याने माझा शर्ट आणि दंड दोन्ही धरले. मी नुसतं अंग सोडून दिलं असतं तर पेनल्टी होती, सामना आमचा होता. मी पडलो नाही. शर्ट टरकावून तसाच पुढे गेलो आणि तोल सावरता सावरता मारलेला बॉल खांबाबाहेर गेला. लगेच त्यांनी पलटून गोल केला. नांदेडहून आलेली माणसं डोक्याला हात लावून बसली. "पडायचं की रे येड्या," असं माझ्याच संघातला भोकर रडत रडत म्हणाला. उस्ताद मात्र तालेवार घरचं लग्न ठरल्यासारखे खुशीत होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एक पत्र्याची पेटी दिली, स्वतः बनवलेली, वर लाल रंगात "उमरी" लिहिलेलं. "सामना त्यायनं जितला, पन खेळला तू," म्हणाले. माझी आई अजून त्या पेटीत तूरडाळ ठेवते.

पुढे मी कोलकात्याच्या एका क्लबात गेलो. भोकर माझ्या आधीच गेला होता आणि घोटा मोडून परतही आला होता. उस्ताद म्हणाले, त्याला तिकडची हवा मानवली नाही. आम्हीही तेच म्हणालो. मी मात्र टिकलो. काही मोसम खेळलो, बरेचसे बाकावर बसून. मग एका एजंटाने उरुग्वेची गोष्ट काढली. दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला छोटा क्लब, त्यांना कडेने पळणारा एक विंगर हवा होता. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाने मला वेड्यात काढलं. युरोपात गेला असतास तर गोष्ट वेगळी, म्हणे. तिथे तुला बघणार कोण? इथले निवड करणारे तिकडचे सामने बघतात का? परत येशील तेव्हा तुझी जागा दुसऱ्याने घेतलेली असेल. मला एकच दिसत होतं, जिथे हा खेळ चहाच्या टपरीवर बोलला जातो तिथे खेळायला मिळतंय.

निघायच्या आधी मी इतवाऱ्यात गेलो. उन्हाळा, कूलरचे दिवस, उस्ताद पत्रा वाकवत बसले होते. सांगितलं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "जाऊ नको."

"का पण?"

"म्हनलो ना, जाऊ नको. तिकडं गेलास की खतम."

"का खतम, ते तरी सांगा."

त्यांनी हातोडा उचलला आणि ठोकायला लागले. मी निघालो. मला वाटलं म्हाताऱ्याला जळफळाट झाला. आपलं पोरगं आपल्या हाताबाहेर चाललं म्हणून तोंड वाकडं करतोय. स्टेशनवर सगळे आले, ते आले नाहीत.

उरुग्वेबद्दल लोक मला विचारतात तेव्हा त्यांना रडगाणं ऐकायचं असतं. ते मी ऐकवत नाही. मैदान लहान होतं, कुंपणाला घरं लागलेली. तिकडे हिवाळा जूनमध्ये, आणि थंडी अशी की बोटं वाकेनात. कुंपणापाशी म्हातारी माणसं बगलेत थर्मास धरून कडू पाल्याचा काढा नळीने ओढत उभी असायची आणि माझी एकेक चूक मला नावं ठेवत समजावून सांगायची. ती मला "हिंदू" म्हणायची, तिकडे भारतीय माणसाला असंच म्हणतात. मला ते परकं वाटलं नाही, गावाच्या ऐवजी देश एवढाच फरक. तिथे एका मोसमात मला बॉल कधी सोडायचा हे जेवढं कळलं, तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत कळलं नव्हतं. त्या लीगने माझं काहीही बिघडवलं नाही. हे मी ओरडून सांगतो, आणि माझे कान शाबूत आहेत.

बिघडलं ते वेगळ्याने. तिकडे खेळणारा पडतो. लबाडीने पडतो तेही आहेच, पण त्याहून जास्त, जीव वाचवायला पडतो. लाथ आली की तिच्यासोबत खाली जातो, लोळतो, उठतो. रेफरीही पडलेल्यालाच फाउल देतो. जो उभा आहे त्याला काय झालंय, असा त्याचा साधा हिशेब. मी उभाच. त्यामुळे मला फाउल मिळेना, आणि फुकटात लाथा मारता येणारा एक माणूस आलाय हे समोरच्या संघांना पटकन कळलं. आमचा प्रशिक्षक बाजूला उभा राहून तळहात खाली दाबून दाखवायचा, पड, पड. सरावाला त्याने मला चटईवर पडायला लावलं. पोरं हसून लोटपोट. मी गुडघा वाकवायचो, हात टेकायचो, पण अंग सोडता येत नव्हतं. अंग ऐकतच नव्हतं. मनात आणलं तरी शेवटच्या क्षणी पाय रुतायचा.

एका सामन्यात त्यांच्या बचाववाल्याने मागून पाय घातला. दुसरा कुणी असता तर बॉलसारखा लोळत गेला असता. माझा पाय रुतला आणि बाकीचं अंग फिरलं. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. तरीही, आज हसू येतं सांगताना, मी पडलो नाही. एका पायावर उभा होतो. रेफरीने खेळ चालू ठेवला.

तिथल्या डॉक्टरने दुभाष्याकडून विचारलं, "पाय धरून का ठेवलास? सोडून द्यायचा." त्याचं उत्तर इतवाऱ्यात कूलर ठोकत बसलं होतं.

ऑपरेशन झालं, गुडघा चालण्यापुरता परत आला. खेळणं संपलं. नांदेडला आलो तर गोष्ट माझ्या आधी पोचलेली. तिकडे गेला, वाया गेला. आणि ती सांगणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज उस्तादांचा. मी मैदानाच्या कडेला उभा असताना माझ्याकडे बोट करून त्यांनी पोरांना सांगितलं, "ते बघा उमरी. म्हनलो व्हतो जाऊ नको. गुडघा देऊन आला." मी त्या दिवशी घरी गेलो आणि पुन्हा मैदानावर पाय ठेवला नाही.

आता मी लातूरला एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. लातुरात क्रीडाशिक्षक म्हणजे काय ते लातूरकरांना विचारा. दहावीच्या वर्गाला माझा तास वेळापत्रकात असतो आणि प्रत्यक्षात विज्ञानाचा असतो. मैदानावर शिकवणीवाल्यांच्या स्कूटर लागतात. पालक मला नमस्कार करतात तोही स्कूटर कुठे लावू हे विचारायला. याचाही राग आहे, पण तो रोजचा, त्याची सवय झाली.

गेल्या उन्हाळ्यात निलंग्याचे एक गृहस्थ मला शाळेत भेटायला आले. सोबत त्यांची मुलगी. ऊसवाले शेतकरी, बोलायला भिडस्त. मुलगी नांदेडला मावशीकडे राहून उस्तादांकडे तयार झालेली आणि आता गोव्यातल्या एका क्लबात खेळणारी. तिचे सामने मी मोबाईलवर पाहिलेले होते. बॉल तिच्या पायाला असा लागून राहायचा की बघत राहावं. तिला पॅराग्वेच्या एका क्लबाने बोलावलं होतं.

"सर," वडील म्हणाले, "पोरगी जाऊ म्हनते. घरचे नको म्हनतेत. उस्तादबी नको म्हनतेत, आन ते तुमचंच उदाहरन देतेत. तुमी जाऊन आलाव. खरं काय हाय?"

"तिकडं जाऊन करियर बरबाद होतं का, एवढंच सांगा," मुलगी म्हणाली. "सगळेच म्हनून राहिले की तिकडं कोनी बघत न्हाई. देशाच्या टीममध्ये निवड होनार न्हाई म्हनतेत."

मी तिला खरं सांगितलं. निवड करणारे विसरतात हे खरं. परतल्यावर दार पुन्हा वाजवावं लागतं हेही खरं. पण खेळ तिथे जितका शिकशील तितका इथे नाही, आणि तुझ्या वयाला तेच हवं. मग मी विचारलं, "तू पडतेस का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाणेरडं बोललो होतो. "म्या उस्तादची हाय, सर."

माझं डोकं तिथेच फिरलं. ती जाणार, मोडून येणार, आणि मग मैदानावर दोन गोष्टी सांगितल्या जाणार, उमरीची आणि निलंग्याची. मी तिला माझा गुडघा दाखवला, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण पटत नव्हतं. शेवटी म्हणाली, "उस्ताद म्हनले पड, तर पडते. न्हाईतर माझ्यानं व्हनार न्हाई." मला तिचा राग आला नाही. मी तिच्या वयाचा असताना हेच म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी एसटीने आम्ही तिघं अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलो. वाटेत वडील उसाबद्दल बोलत होते, मी ऐकत नव्हतो. मनात उस्तादांना काय काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती.

दुकानात दारापर्यंत कूलर लागलेले. उस्ताद म्हातारे झाले होते. बनियन तेच, आत माणूस अर्धा. मला बघून म्हणाले, "कोन, उमरी? ये. पाय कसा हाय?"

"तुम्ही केलात तसाच आहे."

हातोडा थांबला. मग मी थांबलो नाही. गल्लीला ऐकू जाईल असं बोललो, त्यांना तसंच बोलावं लागतं. म्हणालो, मला तिकडच्या लीगने नाही मोडलं, तुम्ही मोडलंत. पडता येत नाही असं अंग करून दिलंत आणि वर मलाच वाया गेलेला म्हणून दाखवत फिरलात. आता हिला अडवताय. अडवू नका. आणि तिला सांगा की पड. एक शब्द आहे, तेवढा तोंडातून काढा.

शेजारचा गादीवाला कापूस पिंजायचा थांबून दारात आला. निलंग्याचे वडील "सर, ऱ्हाऊ द्या" म्हणत माझा हात धरून राहिले.

उस्ताद पत्र्याकडे बघत नेहमीच्या मानाने हळू म्हणाले, "मला म्हाईत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"तिकडं तुला मोडतेल म्हनून. भोकर आला तवाच कळलं. त्याचा घोटा म्या हातात धरून बघितला. पाय रुतलेला व्हता, म्हनून मोडला. मोठ्या खेळात न पडनारा टिकत न्हाई, हे मला तवाच कळलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. जाऊ नको म्हनलो."

"का जाऊ नको, ते का नाही सांगितलं?"

"ते सांगितलं असतं तर तू पडायला शिकला असतास." त्यांनी मान वर केली. "मंग तुझ्यात आन बाकीच्यात फरक काय ऱ्हायला असता, उमरी? साऱ्या मुलखात एक माझंच मैदान व्हतं. माझंच."

मला वाटत आलं होतं की हा माणूस अडाणी आहे, हट्टी आहे, त्याला कळत नाही. इतकी वर्षं माझ्या रागात मी त्याला तेवढी सवलत दिली होती. त्याला कळत होतं. माझा गुडघा आणि त्याच्या मैदानाचं नाव यांत त्याने नाव निवडलं होतं, आणि मी विमानात बसायच्या आधीच निवडलं होतं. माझे हात शिवशिवत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मुलगी पुढे झाली. "उस्ताद, मला पडायला शिकवा."

"न्हाई."

"मंग सर शिकवतेत," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

मला कुठे येतं? मी जन्मात पडलेलो नाही. ते तिला माझ्या तोंडाकडे बघून कळलं आणि उस्तादांनाही कळलं. ती तशीच उभी राहिली. "म्या जानार हाय," ती म्हणाली. "तुमी नको म्हनले तरी जानार हाय. शिकवनार नसाल तर न शिकता जाते."

उस्तादांनी हातोडा खाली ठेवला. गादीवाल्याला हाक मारली, "अरे मियाँ, दोन गाद्या टाक हितं." गादीवाल्याने दोन नव्या गाद्या आणून कूलर सरकवून मधल्या जागेत टाकल्या. उस्तादांनी चपला काढल्या, गादीच्या कडेला उभे राहिले आणि एवढा म्हातारा माणूस बघता बघता पडला. आवाज नाही, झटका नाही. हनुवटी छातीला, खांद्यावरून पाठीवर, तळहात आपटून बाजूला, आणि पुन्हा उभा. पैलवान सगळ्यात आधी हेच शिकतो. त्यांनी आयुष्यभर आमच्यापासून लपवलेली गोष्ट त्यांच्या अंगात जशीच्या तशी होती.

"बघितलं? धक्का आला की पाय सोडून दे. पाय धरू नको. जो धरतो तो मोडतो," ते तिला म्हणाले. "पड."

ती पडली. पहिल्यांदा दगडासारखी, मग बरी, मग चांगली. ते बाजूने खांदा मारत होते, मागून ओढणी धरून हिसका देत होते, तेच हिसके, तेच हात. चहा येऊन संपेपर्यंत तिला जमलं होतं. ती हसत होती, गादीचा कापूस केसांत, आणि तिचे वडील दारात उभे राहून डोळे पुसत होते.

ती जाईल आणि धड परत येईल, याचा मला आनंद झाला. खरंच झाला. पण मी तिथे उभा राहून बघत होतो की एवढंच होतं. दोन गाद्या आणि एक चहा. एवढ्यासाठी माझा पाय गेला, भोकरचा घोटा गेला. ते अवघड असतं, वर्षं लागणारं असतं, तर मी हा राग कदाचित सोडून दिला असता.

उस्ताद घाम पुसत गादीवर बसले. श्वास चढलेला. माझ्याकडे बघून त्यांनी शेजारची जागा हाताने थोपटली.

"ये उमरी. तूबी ये. शिकवतो."

म्हाताऱ्याच्या आवाजात खरी माया होती. ती मला ऐकू आली. मी चपला घालून दुकानातून बाहेर पडलो आणि लातूरची गाडी धरली.